सर्व्हिसिंगनंतर इंजिन वाजू लागले, तर आधी विचारा : काय काय उघडले होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगची गर्दी ओसरली की ठाणे-कळव्यापासून ऐरोली-तुर्भ्यापर्यंतच्या दुचाकींच्या गॅरेजांपुढे दुसरी रांग लागते. "परवाच सर्व्हिसिंग केले, आधी गाडी ठीक होती, आता इंजिन वाजतेय." यावर ठरलेली दोन उत्तरे असतात. "गाडी जुनी झाली, वाजणारच," हे एक. "थांबा, टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडणारी जुळणी) जरा आवळून देतो," हे दुसरे. पहिल्या उत्तरात आळस आहे. दुसऱ्याने मात्र गाडीचे खरे नुकसान होते, आणि त्याला गिऱ्हाइकाचा हट्टही तितकाच जबाबदार आहे, म्हणून हे पत्र.

सर्व्हिसिंगआधी नसलेला आवाज नंतर आला, तर तो बहुधा हात लागलेल्या जागेतूनच येतो. क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंग नेमकी त्याच दोन दिवसांत जाईल असे सहसा घडत नाही (ऑइलच भरायचे राहिले असेल तर गोष्ट वेगळी). तेव्हा गॅरेजात पहिला प्रश्न "कशाचा आवाज आहे?" असा नको, "काय काय उघडले होते?" असा हवा. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ऑइल, ऑइल फिल्टर किंवा जाळी, एअर फिल्टर, प्लग, टॅपेट, क्लच केबल, चेन आणि ब्रेक एवढ्यांना हात लागतो. सायलेन्सर काढला असेल तर बेंड पाइपचे (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीचे) पॅकिंगही त्यात आले. चोर या आठ-नऊ घरांतलाच असतो.

आवाज ऐकायचा कुठे, हेही महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या सोसायट्यांत इमारतीखाली खांबांच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू केली की वरच्या स्लॅबवरून आणि तिन्ही भिंतींवरून आवाज परततो. धडधाकट इंजिनही तिथे खडखडते. गाडी मोकळ्यावर आणून मेन स्टँडवर लावा आणि तीन गोष्टी करून पाहा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रेस वाढवा. आवाज रेसबरोबर वाढला, तर तो इंजिनाचा किंवा इंजिनाला जोडलेल्या एखाद्या भागाचा. मग इंजिन बंद करून गाडी पन्नास पावले ढकला. आवाज तरीही आला, तर चेन, ब्रेक किंवा चाक पाहा. इंजिनाला दोष देऊ नका. पुढचे चाक काढून बसवलेल्या जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरचा दात नीट बसला नसेल किंवा त्याला ग्रीस लावायचे राहिले असेल, तर असाच किरकिराट येतो. शेवटी, इंजिन चालू ठेवून क्लच दाबा. खडखड थांबली तर ती क्लचच्या डब्याची. स्लो स्पीड (रेस न देता इंजिन चालते तो वेग) फार कमी ठेवल्यावर ती जास्त ऐकू येते. कार्ब्युरेटरच्या लहान गाड्यांना साधारण १४०० आरपीएम (मिनिटाला १४०० फेरे) लागतात. पेट्रोल वाचवायला हजारावर आणून ठेवलेली गाडी वाजणारच, आणि ऑइलचा दाबही कमी राहणार. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच सोडवणारी बेअरिंग तपासा.

इंजिनाचाच आवाज आहे असे ठरले की त्याची लय ऐकायची. १४०० आरपीएमला क्रँक सेकंदाला सुमारे २३ वेळा फिरतो, आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच्या निम्म्याने, म्हणजे ११-१२ वेळा. त्यामुळे टॅपेटचा आवाज सुटा आणि इंजिनाच्या मानाने संथ वाटतो: टिक-टिक-टिक. क्रँक, पिस्टन यांचा आवाज त्याच्या दुप्पट लयीत, अधिक खोल असतो. आकडे मोजता येत नाहीत, पण चार गाड्या ऐकल्यावर कानाला फरक कळतो. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावून टोक हेडवर (इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागावर), मग मॅग्नेट कव्हरवर, मग क्लच कव्हरवर टेकवले की जागाही सापडते. चेन आणि स्कूटरच्या पंख्यापासून हात लांब ठेवा.

पण या लयीत एक फसगत आहे. बेंड पाइपच्या तोंडाशी गॅस सुटत असला, तरी तोही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच सुटतो. म्हणजे लय टॅपेटचीच! सायलेन्सर काढून जुनेच दबलेले पॅकिंग पुन्हा बसवले, किंवा दोन नट सारखे न आवळता आधी एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला, की हा आवाज येतो. मेकॅनिक टॅपेट समजून टॅपेट आवळतो, आवाज तसाच राहतो, मग आणखी आवळतो. ओळखायला सोपे आहे. थंड इंजिन सुरू करून पेटवलेली अगरबत्ती जोडाजवळून फिरवा. धूर झटके खात दूर उडाला तर गळती तिथेच. आजूबाजूला पेट्रोलचा वास किंवा ओल नको, हे वेगळे सांगायला नको. जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा असेल तर अगरबत्तीचीही गरज नाही. शिवाय हा आवाज थंड इंजिनात जास्त असतो, धातू तापून पसरला की घटतो, आणि भार पडला की वाढतो. भार पडल्याने टॅपेटच्या टिकटिकीत फारसा फरक पडत नाही. नवे पॅकिंग बसवून दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की काम संपते.

आता टॅपेट. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत ही फट ०.०५ ते ०.१२ मिलिमीटरच्या दरम्यान असते. छपाईच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते, यावरून अंदाज घ्या. बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा जास्त ठेवतात, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो. नेमका आकडा प्रत्येक मॉडेलच्या पुस्तकात असतो आणि तो थंड इंजिनासाठीच असतो. घोडबंदर रोडवरून तासभर वाहतुकीत तापत आलेली गाडी दहा वाजता गॅरेजात लावून सव्वादहाला टॅपेट सेट केले, तर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरूनही माप चुकीचेच येणार. गाडी आदल्या संध्याकाळी लावून सकाळी काम करून घेणे उत्तम. नाही तर निदान तीन-चार तास थंड होऊ द्यावी.

मापाची पद्धतही सांगितली पाहिजे, कारण चूक बहुधा इथेच होते. मॅग्नेट कव्हरवरची छोटी झाकणे काढून क्रँक हाताने फिरवत 'टी' खूण (पिस्टन सर्वांत वर आल्याची) बाहेरच्या खुणेशी जुळवायची. ही खूण क्रँकच्या प्रत्येक फेरीला येते, पण टॅपेट सेट करायचे ते कम्प्रेशनच्या शेवटी, जेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात तेव्हा. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवायचा. घाईत हे बघायचे राहिले आणि व्हॉल्व्ह थोडे उघडे असतानाच सेट केले, तर ते बंद झाल्यावर खरी फट मापाच्या कितीतरी पट होते आणि गाडी शिवणयंत्रासारखी वाजू लागते. दुसरी चूक म्हणजे लॉकनट आवळताना आतला स्क्रूही सोबत फिरतो. म्हणून नट आवळून झाल्यावर गेज पुन्हा घालून पाहायचा. तो किंचित घासत, पण न अडकता सरकला पाहिजे. सेट करण्याआधी फट किती होती, हेही मोजून लिहिले पाहिजे. फट मापात असेल तर टॅपेटला हातच लावू नये.

आणि आता मूळ दुखणे. मापात असलेले टॅपेट थोडे वाजतात. ती हलकी टिकटिक म्हणजे फट शिल्लक असल्याची खूण आहे. गिऱ्हाइकाला मात्र "एकदम सायलेंट" गाडी हवी असते, म्हणून मेकॅनिक फट शून्यावर आणतो. आवाज जातो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण गाडी तापली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. व्हॉल्व्ह बंद असताना त्याची उष्णता तो टेकतो त्या सीटमधून हेडमध्ये जात असते. ती वाट बंद झाल्याने व्हॉल्व्हची कड जळू लागते आणि कम्प्रेशन पडते. काही महिन्यांनी सकाळी वीस किका, पिकअप नाही, मायलेज घसरलेले, आणि शेवटी हेडचे काम. तोपर्यंत दोष पेट्रोलला देऊन झालेला असतो! सैल टॅपेट निदान वाजून तक्रार करतो. आवळलेला काही बोलत नाही.

बुलेटवाल्यांसाठी एक टीप. २००८ नंतर आलेल्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या) इंजिनांत हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर आपोआप जुळणारे, टॅपेट आहेत, तिथे हाताने फट ठेवायची नसते. ऑइल बदलल्यावर पहिल्यांदा सुरू केली की हे टॅपेट काही सेकंद टिकटिकतात आणि आत ऑइल भरल्यावर शांत होतात. तिथे पाना घेऊन बसू नका. आवाज थांबलाच नाही तर ऑइलची पातळी आणि फिल्टर पाहा.

ऑइलकडे वळू. टॅपेट आवळूनही आवाज गेला नाही की जाड ऑइल टाकण्याची युक्ती निघते. हिरो आणि होंडाच्या लहान गाड्यांना १०डब्ल्यू-३० लागते (हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड), बजाजच्या पल्सरला २०डब्ल्यू-५०, यूसीई बुलेटला १५डब्ल्यू-५०. त्या इंजिनाच्या वाटा आणि पंप तसेच बेतलेले असतात. १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतले की आवाज दबतो खरा, पण सकाळी सुरू करताना हेडपर्यंत ऑइल उशिरा पोचते आणि कॅम-रॉकर झिजतात. डब्याच्या मागे जासोची (जपानी वाहन-मानकाची) खूण पाहा : मोटरसायकलला एमए किंवा एमए-२, स्कूटरला एमबी चालते. एमबी ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असल्याने तो घसरू लागतो. इंजिन ओरडते, गाडी पुढे जात नाही. गिऱ्हाईक याला "इंजिनाचा आवाज" म्हणते, आणि क्लच प्लेट बदलल्या जातात. क्लच केबल फार ताणून बसवली तरी हेच होते. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी चाल राहिली पाहिजे.

ऑइल किती भरले, हेही तितकेच महत्त्वाचे. हिरोच्या १०० सीसी गाड्यांना बदलीच्या वेळी सुमारे ९०० मिलि लागते, ११० सीसी अ‍ॅक्टिव्हाला सुमारे ७००. एक लिटरचा डबा आहे म्हणून सगळा ओतला तर स्कूटरमध्ये तीनशे मिलि जास्त होते. क्रँक ते घुसळतो, फेस होतो, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑइल एअर फिल्टरमध्ये येते. फेसाळलेले ऑइल हेडला नीट वंगण देत नाही, म्हणून जास्त भरूनही इंजिन कोरडे वाजते. पातळी पाहताना गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करायची, तीन-चार मिनिटे चालवून बंद करायची, दोन-तीन मिनिटे थांबायचे. हिरो आणि होंडाच्या गाड्यांत दांडीचे झाकण आट्यांत न फिरवता नुसते टेकवून पाहतात. फिरवून पाहिले तर पातळी असते त्यापेक्षा जास्त दिसते.

ऑइल बदलल्यावर तीन-चार दिवसांनी आवाज सुरू झाला तर आधी पार्किंगमधली फरशी पाहा. ड्रेन बोल्टखालचा वॉशर दबून सील होतो, म्हणून तो दर वेळी नवा लागतो. पाच-दहा रुपयांचा वॉशर वाचवायला जुन्यावरच बोल्ट जोर लावून आवळतात. इंजिनाचे केस अ‍ॅल्युमिनियमचे, त्यामुळे आटे जातात. मग थेंब थेंब गळती, पातळी खाली, आणि आवाज. कागदी फिल्टरच्या गाड्यांत फिल्टर उलटा बसवणे किंवा ओ-रिंग विसरणे, हा त्याच घरातला दुसरा घोटाळा. काढलेले ऑइलही एकदा पाहून घ्यावे. पांढऱ्या फडक्यावर ओतून बोटाने पसरवा. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला बारीक राखाडी चमक चालते. जुन्या गाडीत चकत्या किंवा कण दिसले तर आवाजाचे कारण सर्व्हिसिंगआधीचे आहे. आणि हे जळके ऑइल गटारात ओतू देऊ नका. आपली गटारे ठाणे खाडीत जातात, आणि तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ पासून रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा आहे.

टायमिंग चेनचा (क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या, इंजिनाच्या आतल्या चेनचा) आवाज टिकटिकीसारखा नसतो, तो खरखरता असतो आणि रेस सोडताना जास्त येतो. साध्या सर्व्हिसिंगमध्ये तिला हात लागत नाही. पण कोणी टेन्शनर (ती चेन ताणून धरणारा भाग) काढून आतली दांडी मागे न घेता तसाच बोल्टने दाबून बसवला असेल, तर चेन वाजवीपेक्षा ताणली जाते आणि खरखरीऐवजी बारीक रडका सूर येतो. तो आवाज घेऊन गाडी चालवू नये.

प्लग सैल राहिला की फुस-फुस ऐकू येते आणि प्लगभोवती ऑइलची ओल दिसते. नवा प्लग बोटांनी बसेपर्यंत फिरवून मग पान्याने साधारण अर्धी फेरी. जुना, वॉशर दबलेला प्लग असेल तर त्याहून बराच कमी. पल्सर १५० ला दोन प्लग आहेत, एनएस २०० ला तीन. त्यातल्या एकाचे टोपण बसवायचे राहिले तरी गाडी चालते, पण आवाज बदलतो आणि दम कमी होतो. भलत्याच उष्णता-क्रमांकाचा प्लग बसवला असेल, तर गायमुखच्या किंवा मुंब्रा बायपासच्या चढावर वरच्या गिअरला डब्यात खडे खळखळल्यासारखा आवाज येतो. एअर फिल्टरचा डबा किंवा इनटेकचा रबरी जोड नीट न बसल्याने बाहेरची हवा आत शिरली, तरी हाच आवाज येऊ शकतो. सोबत स्लो स्पीड वरखाली होत असेल तर प्लगआधी तो जोड तपासा.

स्कूटरचे वेगळे. बेल्टचे कव्हर उघडून साफ केले असेल, तर रोलरमागच्या पट्टीला लावायचे छोटे प्लॅस्टिकचे तुकडे निसटलेले सापडतात. त्यांच्याशिवाय स्लो स्पीडला खडखड येते. बेल्टला ग्रीस लागले की गाडी किंचाळते. मागच्या चाकाच्या गिअरबॉक्समध्ये १०० ते १२० मिलि वेगळे ऑइल असते. ते काढून पुन्हा भरायचे राहिले, तर वेगाबरोबर चढणारी घरघर सुरू होते. ती ऐकताच थांबा.

काही आवाज अगदीच क्षुल्लक असतात, पण तेच जास्त पळवतात. सायलेन्सरच्या जाळीचा सैल स्क्रू, साइड पॅनेलचे निसटलेले रबर, चेन कव्हरला घासणारी सैल चेन. जुन्या गाड्यांवर नव्याने बसवलेल्या एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाट्याही ठरावीक आरपीएमला झणझणतात. आवाज येत असताना एकेका भागावर तळहात दाबून पाहा. दाबल्यावर थांबला की सापडला. सायलेन्सरला हात लावताना जाड फडके घ्या.

खोल ठक-ठक, जी रेस दिली की वाढते आणि भार पडला की आणखी जड होते, ती ऐकली तर गाडी तिथेच बंद करा आणि टेम्पोत घालून न्या. "गॅरेजपर्यंतच जाऊ" म्हणून पाम बीच रोडवर पाच किलोमीटर चालवली, तर कनेक्टिंग रॉडपुरते राहणारे काम क्रँक, सिलिंडर आणि केसपर्यंत जाते.

गॅरेजवाल्यांना आमचे सांगणे आहे की जॉब कार्डावर नुसते "जनरल सर्व्हिसिंग" लिहू नका. ऑइलचा ग्रेड आणि मिलि, टॅपेटची आधीची आणि नंतरची फट मिलिमीटरमध्ये, प्लगचा क्रमांक, वॉशर-पॅकिंग नवे की जुने, एवढे चार ओळींत मावते. फिलर गेज काही शे रुपयांना मिळतो. गिऱ्हाइकांनी गाडी थंड असताना द्यावी, घेताना मेकॅनिकसमोर सुरू करून ऐकावी, आणि मोबाइलवर अर्धा मिनिट आवाज टिपून ठेवावा. सर्व्हिसिंगला देण्याआधीही एकदा टिपला असेल तर वादच उरत नाही. दोन्ही वेळा फोन हेडपासून सारख्याच अंतरावर धरावा, साधारण हातभर.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही दुचाकी मेकॅनिक